आधी परीक्षा केंद्र, मग शाळा

परदेशातून गोव्यात आलेल्या मुलासाठी अर्धी ऑनलाइन, अर्धी प्रत्यक्ष शाळा पाहताय, तर फीचं पत्रक बाजूला ठेवा आणि परीक्षा केंद्र शोधा. आयजीसीएसई ही केंब्रिजची, दहावीच्या तोडीची परीक्षा. तिचे पेपर मान्यताप्राप्त केंद्रात जाऊनच लिहावे लागतात आणि खासगी उमेदवार (त्या केंद्राच्या शाळेत न शिकणारा) घ्यायचा की नाही, हे केंद्र ठरवतं. मे-जूनच्या सत्राची नोंदणी कित्येक महिने आधी बंद होते. होकार फोनवर नको, ईमेलवर घ्या, विषयांच्या कोडसकट.

कोर्सवर्क (वर्षभरात करून गुणांत धरलं जाणारं काम) असलेले विषय टाळा. ते तपासायला शाळा लागते, आणि खासगी उमेदवार तिथेच अडकतो. भौतिकशास्त्राला (0625) प्रत्यक्ष प्रयोगांच्या पेपर 5 ऐवजी पेपर 6 धरा. तो प्रयोगांवरचा लेखी पेपर, केंद्राला प्रयोगशाळा मांडावी लागत नाही. तरी मुलानं प्रयोग हातानं केलेले हवेत; आलेख आणि मोजमापातल्या चुकांचे प्रश्न पाठांतरानं सुटत नाहीत.

शाळेच्या मेंटॉरबद्दल (मुलावर लक्ष ठेवणारा मार्गदर्शक) एकच विचारा: एकाकडे मुलं किती? आठवड्याला अर्धा तास, एकट्या मुलाशी, आणि बोलण्याची लेखी नोंद. एवढं नसेल तर ती नुसती हजेरी.

शिक्षक ब्रिटनमधले असतील तर त्यांचा सकाळी 9चा तास आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी अडीचला, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर दीडला. म्हणजे जेवणाची वेळ वर्षातून दोनदा हलणार. पावसात वीज जातेच, राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

केंद्र मिळालंच नाही तर एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळ) बघा: वर्षाला दोन परीक्षा, आणि पास झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत.