आजीची पैठणी आणि जुन्या वळणाचं लग्न

अगं, पैठणी कापायला अजिबात देऊ नकोस. तू लिहिलं आहेस की आजीच्या लग्नातली, १९५८ सालची नऊवारी पैठणी आहे, ती शिवून घ्यायचा विचार आहे आणि लग्न जुन्या वळणाचं हवंय, पण नाटकाचा सेट वाटायला नको. विचार फार छान आहे तुझा. फक्त त्या साडीला कात्री नको.

आधी ती पूर्ण उलगड आणि दिवसाउजेडी खिडकीसमोर धर. त्या काळच्या चांगल्या पैठणीतली जर म्हणजे चांदीची तार आणि त्यावर सोन्याचा मुलामा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की त्या रेषेवर जर मोडते आणि शेजारचं रेशीम चिरतं. घडीवर बारीक चिरा दिसल्या तर नेसायची नाही. काष्टा ओढून खोचायचा, मग पाटावर कितीतरी वेळ बसायचं, शेजारी होमाचं तूप आणि धूर, एवढं ते रेशीम सोसणार नाही. विधींना पिवळी अष्टपुत्री नेस. पैठणी धड असेल तर संध्याकाळी नेस. अत्तर मात्र साडी नेसण्याआधी लाव, वरून फवारलं तर जर काळी पडते.

आणि चिरा असतीलच, तर तिचा पदर अंतरपाट म्हणून धरा. माझ्या मते तर साडी धड असली तरी हेच करावं. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत पदरावरचे मोर-पोपट रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. म्हणजे अंतरपाटाच्या अलीकडे तुला जे मोर दिसतील, तेच पलीकडे त्याला. आजीची साडी लग्नात नुसती मिरवली जाणार नाही, तिला विधीत काम मिळेल.

नुसते कोपरे धरून ताणू नका. पदराच्या वरच्या कडेला सुती पट्टी सैल टाक्यांनी लावा, त्यातून हलकी काठी घाला आणि काठी धरा. स्वस्तिक साडीवर काढू नका, कुंकवाचा डाग रेशमातून निघत नाही. पांढऱ्या कापडाच्या चौकोनावर काढून, वाळवून, तो पट्टीला टाचा. अक्षताही आदल्या दिवशी करून खडखडीत वाळवा, ओल्या असल्या तर रंग लागतो.

सजावटीची बैलगाडी, सगळ्या पाहुण्यांना सारखे फेटे, याला माझा विरोध नाही, पण तुला ज्या नाटकीपणाची धास्ती आहे तो तिथूनच येतो. तुमच्या घरात जे खरंच होतं ते शोध. आजोळी पंगती उठत असतील तर निदान घरच्या माणसांची एक पंगत बसव. पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे, मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर डाव्या बाजूला, भाज्या उजवीकडे. वाढायला काका-मामा, मावश्या. आग्रह घरच्यांनीच करावा, केटररच्या मुलांना तो जमत नाही. पाचशे माणसांना हे झेपणार नाही, त्यांना बुफेच ठेव.

मंगलाष्टकं मात्र स्वतःची करा, यात मला फार रस आहे. पूर्वी आत्या-काकू नवरा-नवरीची, आजी-आजोबांची नावं गुंफून रचायच्या. वृत्त बहुधा शार्दूलविक्रीडित. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यानंतर थांबा. ‘गंगा सिंधु सरस्वती’ची चाल कानात असली की आपोआप जमतं. तुझ्यासाठी एक ओळ करून बघितली:

आजीच्या पदरी निजे चिमुकली, झाली अता ती वधू

अक्षरं मोजून बघ. उरलेल्या तीन ओळी तुझ्या घरच्यांनी रचाव्यात, कारण आजीचं गाव, आजोबांची सवय, तुमचा वाडा, हे मला कुठून ठाऊक असणार? कोणाला संस्कृतप्रचुर जमत नसेल तर रोजच्या मराठीतच लिहा. कागदावर मोठ्या अक्षरात उतरवा, माइक हातात आल्यावर बारीक अक्षर दिसत नाही.

आणि गुरुजींना आधीच सांगा. मुहूर्ताची घटिका ठरलेली असते, त्यामुळे त्यांची किती आणि घरची किती कडवी बसतील ते तेच सांगतील. शेवटचं त्यांच्याकडे राहू दे, म्हणजे ‘सावधान’ वेळेवर होईल. पैठणीच्या घडीचा फोटो जवळून काढून इथे टाक, चिरा कितपत आहेत ते बघून सांगते.