दुर्मीळ पुस्तकाचं स्कॅन घरबसल्या मिळत असताना इतिहास संस्थेच्या ग्रंथालयात जावं का? आणि पहिल्यांदा जाताना काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या विषयाचं एक जुनं छापील पुस्तक एका इतिहास संस्थेच्या ग्रंथालयात आहे. त्याचं स्कॅन तुम्हाला मिळालंय. तुम्ही कुठल्या विद्यापीठाचे नाही, अशा ग्रंथालयात कधी गेलेला नाही. मग जायचं का, आणि गेलात तर तिथे नेमकं काय करायचं?

जरूर जा. फक्त मजकूर वाचायला जाऊ नका. मजकूर घरी बसून नीट वाचून काढा, टिपणं काढा, शंका लिहून ठेवा. तिथे जायचं ते ती प्रत बघायला. पुस्तक आणि प्रत यांतला फरक एकदा डोक्यात बसला की बाकीची तयारी आपोआप सुचत जाते.

हाताच्या छापखान्यात छपाई चालू असतानाच कुणाच्या तरी नजरेला चूक पडायची. यंत्र थांबवून अक्षरांचे खिळे बदलायचे आणि पुन्हा छपाई सुरू. तोवर छापलेले चुकीचे कागद मात्र फेकून देत नसत, कारण कागद महाग. ते तसेच बांधणीला जात. त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींमध्ये त्याच पानावर एकीत जुना मजकूर आणि दुसरीत सुधारलेला, असं सर्रास सापडतं. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा मोठ्या आकाराचा संग्रह, म्हणजे पहिला फोलिओ घ्या. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात त्याच्या ८२ प्रती आहेत. चार्ल्टन हिनमन या अभ्यासकानं त्यांतल्या ५५ प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्यासाठी आरसे आणि आलटूनपालटून लागणारे दिवे बसवलेलं एक यंत्रच त्यानं बनवलं होतं. दोन प्रतींचं तेच पान समोर ठेवलं की जिथे फरक असेल ती जागा लुकलुकायची. एवढा खटाटोप का, तर कुठलीही एक प्रत म्हणजे ते पुस्तक नव्हे. तुमच्याकडचं स्कॅनही कुठल्या तरी एका ग्रंथालयातल्या एका प्रतीचंच आहे. संस्थेतली प्रत वेगळं काही सांगू शकते.

मला हे पटलं ते एका पानामुळे. ज्या पुस्तकावर मी काम करत होतो त्याचं स्कॅन मी कित्येकदा वाचलं होतं. प्रत्यक्ष प्रत हातात घेऊन तिसऱ्या फर्म्यापाशी (फर्मा म्हणजे ताव दुमडून एकत्र शिवलेला पानांचा जुडगा) आलो, तर शिलाईच्या कडेला बोटाला काहीतरी लागलं. वाकून पाहिलं तर अर्ध्या बोटाएवढी कागदाची उभी पट्टी. मूळ पान कापून टाकलं होतं, त्याचा तेवढा बुंधा शिलाईत राहिला होता आणि नवं छापलेलं पान त्याला डकवलं होतं. नव्या पानाचा कागद शेजारच्या पानांपेक्षा किंचित पांढरा होता, ओळींमधली जागाही जरा जास्त. पुस्तक छापून झाल्यावर कुणाला तरी त्या पानावरचं काहीतरी नको झालं होतं. पुढे बऱ्याच महिन्यांनी दुसऱ्या संस्थेत एक प्रत मिळाली, तिच्यात मूळ पान शाबूत होतं. त्यावर एका माणसाचं नाव होतं आणि बदललेल्या पानावर ते गाळलेलं. माझ्या सगळ्या शोधाची दिशा तिथून बदलली. स्कॅनमध्ये ती पट्टी दिसण्याची सोयच नव्हती.

आता कागदाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नवखा माणूस याच गोष्टीकडे बघत नाही. परवानगी घेऊन एखादं पान हलकेच उचला आणि त्यामागून उजेड येऊ द्या. हातानं बनवलेल्या जुन्या कागदात जवळजवळ असलेल्या बारीक रेघा दिसतील आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या ठळक रेघा. ज्या जाळीच्या साच्यावर लगदा उचलला तिच्या तारांचे हे ठसे. जलचिन्ह (वॉटरमार्क), म्हणजे कागद बनवणाऱ्याची खूण, हेही असंच तारेचं, जाळीवर बसवलेलं. ठळक रेघांची दिशा महत्त्वाची. पूर्ण ताव एकदा दुमडला की दोन पानं होतात, तो फोलिओ. त्यात या रेघा उभ्या असतात आणि जलचिन्ह पानाच्या मध्यावर येतं. दोनदा दुमडला की चार पानांचा क्वार्टो. रेघा आडव्या होतात आणि जलचिन्ह शिलाईच्या घडीत अडकतं. तीनदा दुमडला की आठ पानांचा ऑक्टेव्हो. रेघा पुन्हा उभ्या आणि जलचिन्ह वर, आतल्या कोपऱ्यात. बांधणाऱ्यानं कडा छाटल्या असतील तर ते अर्धवट कापलेलंही असतं. आता समजा, सगळ्या पुस्तकात रेघा उभ्या आहेत आणि एकाच पानात आडव्या. ते पान दुसरीकडून आलंय, हे उघड आहे.

रेघा अजिबात दिसत नसतील तर तो विणलेल्या जाळीचा गुळगुळीत कागद. युरोपात असा कागद पुस्तकासाठी पहिल्यांदा वापरला तो जॉन बास्करव्हिल या इंग्रज मुद्रकानं, १७५७ साली व्हर्जिल या रोमन कवीची काव्यं छापताना. त्याआधीचं साल असलेल्या युरोपीय पुस्तकात असं पान सापडलं तर ते मागाहून घातलंय, असं समजून तपास सुरू करायचा.

कागदामुळे किती मोठी फसवणूक उघडी पडू शकते, याचं एक ठळक उदाहरण आहे. इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या सुनीतांची ‘रेडिंग, १८४७’ असं छापलेली एक पुस्तिका संग्राहकांमध्ये फार मोलाची मानली जाई, कारण ती सुनीतं एरवी प्रसिद्ध झाली ती १८५० साली. जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन इंग्रज पुस्तकविक्रेत्यांनी तिचा कागद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतला, तर त्यात रासायनिक प्रक्रिया केलेला लाकडाचा लगदा निघाला. १८४७ साली असा कागद बनतच नव्हता. अशा आणखी कितीतरी पुस्तिका त्यांनी १९३४ साली खोट्या ठरवल्या आणि संशयाची सुई टी. जे. वाइज या तेव्हाच्या नामवंत संग्राहकाकडे वळली. त्यांच्या संशयाचं आणखी एक कारण मला फार शिकवून गेलं. त्या पुस्तिकांच्या एकाही प्रतीवर त्या काळातल्या कुणाच्या हातचा मजकूर नव्हता. ना लेखिकेनं कुणाला भेट दिल्याचा, ना कुण्या मालकानं तारीख घालून केलेल्या सहीचा. खऱ्या पुस्तकावर माणसांच्या खुणा राहतातच.

इतिहास संस्थांची ग्रंथालयं याच बाबतीत श्रीमंत असतात. बॉस्टनची मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी १७९१ची, वूस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी १८१२ची, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०चं. या संस्था इतिहासाचा ध्यास घेतलेल्या माणसांनी उभ्या केल्या. वूस्टरचे आयझाया थॉमस तर स्वतः मुद्रक होते आणि त्यांनी आपला ग्रंथसंग्रहच संस्थेला दिला. अशा ठिकाणी पुस्तकं बहुतेक घराघरांतून, देणगीनं आलेली असतात. म्हणून सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर सह्या, समासात पेन्सिलीच्या खुणा, एखाद्या प्रकरणाशेजारी चिडून लिहिलेला शेरा असं बरंच काही मिळतं. एखाद्या काळात ते पुस्तक कुणी आणि कसं वाचलं, हा पुरावा दुसरीकडे कुठेच नसतो.

पण देणगीनं आलेल्या संग्रहाची नोंद एका जागी असेलच असं नाही. थोडं संगणकावर, थोडं जुन्या तालिकापत्रांच्या खणांत, थोडं हस्तलिखित दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन उतरवायच्या वहीत. संकेतस्थळावर पुस्तक दिसलं नाही म्हणून नाही असं धरू नका. ग्रंथपालांना लिहा.

त्या पत्रावर अर्धा तास खर्च करा. पुस्तकाचं पूर्ण नाव, साल, छापखाना आणि मिळाला असेल तर दाखल क्रमांक लिहा. मग सांगा की स्कॅन मी वाचलंय आणि तरी मूळ प्रत अमुक कारणासाठी बघायचीय: बांधणी, कागद, समासातली टिपणं, जे असेल ते. ‘स्कॅन चालणार नाही का?’ हा प्रश्न ते विचारणारच, कारण पुस्तक जितकं कमी हाताळलं जाईल तितकं ते टिकतं, आणि ते जपणं हे त्यांचं काम आहे. त्याचं उत्तर आधीच दिलंत तर विद्यापीठाचं नाव पाठीशी नसलं तरी सहसा अडत नाही. ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागतं का, सभासद व्हावं लागतं का, पुस्तक दुसऱ्या इमारतीतून आणावं लागतं का, फोटो काढू देतात का, हेही त्याच पत्रात विचारा. पुस्तक दुरुस्तीला गेलेलं असू शकतं, तेवढी खात्री निघण्याआधी करून घ्या.

वाचनकक्षात पिशवी बाहेर ठेवायला लावतील आणि शाईचं पेन चालणार नाही. पेन्सिली दोन न्या. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, मलम-क्रीम लावू नका. पांढरे हातमोजे लागतील असं अनेकांना वाटतं. छापील पुस्तकांसाठी ब्रिटिश लायब्ररीसह बहुतेक मोठी ग्रंथालयं स्वच्छ उघडे हातच बरे मानतात, कारण मोज्यांत बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि पान फाटतं. मोजे जुन्या छायाचित्रांसाठी. पुस्तक फोमच्या उशांवर ठेवून स्वतःहून उघडेल तेवढंच उघडा. पुस्तकाची पाठ कडकडली की थांबा. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती घरीच सोडून या. जोडलेली, न कापलेली पानं दिसली तर हात न लावता ग्रंथपालांना सांगा. आत एखादी चिठ्ठी किंवा वाळलेलं फूल सापडलं, तर कुठल्या पानांमध्ये होतं ते टिपून तिथेच राहू द्या.

पहिला अर्धा तास वाचू नका. हे अवघड जातं, मला माहीत आहे. आधी बाहेरून बघा: पुठ्ठे, पाठ, शिलाई. मग कोरी पानं, नामपृष्ठ, शुद्धिपत्र. मग पानं मोजा. छापील पृष्ठांकांवर विसंबू नका, ते बऱ्याचदा चुकलेले असतात. पानाच्या तळाशी फर्म्यांचा क्रम दाखवणारी अक्षरं असतात, ती धरून मोजा. रोमन लिपीतल्या जुन्या पुस्तकांत ही वर्णमाला २३ अक्षरांची असते. ‘आय’नंतर ‘जे’ येत नाही, ‘यू’ आणि ‘व्ही’पैकी एकच असतं आणि ‘डब्ल्यू’ नसतं. ‘जे’चा फर्मा दिसला नाही म्हणून पानं गहाळ आहेत अशी नोंद करू नका. अनेक जुन्या पुस्तकांत पानाच्या शेवटी, खाली उजवीकडे, पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो. तो पुढे जुळला नाही तर तिथे थांबा. पान गेलंय, बदललंय किंवा बांधणाऱ्याकडून उलटसुलट लागलंय.

दिवसाला एक पुस्तक, फार तर दोन. पहिल्या भेटीत मी भराभर सात मागवली आणि शेकड्यांनी फोटो काढले. घरी आल्यावर कळेना की कुठलं पान कुठल्या प्रतीतलं, कारण एका पुस्तकाच्या तिथे दोन प्रती होत्या. ते सगळे फोटो निरुपयोगी ठरले आणि पुन्हा जावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक प्रतीचा पहिला फोटो दाखल क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीचा आणि प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर तोच क्रमांक.

निघण्यापूर्वी ग्रंथपालांना दाखल नोंदवहीबद्दल विचारा. आपल्या पुस्तकाच्या ओळीत ते कधी आलं आणि कुणी दिलं, हे बहुधा असतं. त्याच्या वरच्या आणि खालच्या ओळीही वाचा. त्याच दिवशी त्याच घरातून आलेली पुस्तकं तिथे ओळीनं सापडतात, आणि त्यांतलं एखादं तुमच्या विषयाचं असूनही तुम्हाला ठाऊक नसतं.

तुमच्या पुस्तकाचं साल आणि आकार इथे खाली लिहिलात, तर जलचिन्ह साधारण कुठे शोधायचं आणि कुठल्या पानांवर जास्त वेळ द्यायचा, ते मी सांगेन.