अ‍ॅम्बॅसेडरमध्ये १८००चं इसुझू इंजिन बसवल्यापासून ताशी ६५ला गाडी थरथरते. इंजिन परत उतरवावं का?

नाही, इंजिनाला इतक्यात हात लावू नका. १५००चं मूळ इंजिन काढून इसुझू आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवलाय म्हणता, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत फिरणारा लांब दांडा) कापून वेल्ड केला असणार. माझा पहिला संशय त्याच्यावर.

आधी खात्री करा. थरथर सुरू होते तेव्हाचा आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) लक्षात ठेवा आणि गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये तेवढाच धरा. तशीच थरथर आली तर दोष इंजिन, क्लच-फ्लायव्हील किंवा फाउंडेशन रबराचा (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर). नाही आली, तर मोकळ्या रस्त्यावर ६५ला न्यूट्रल करून गाडी सोडून द्या. तरीही थरथर राहिली तर दोष शाफ्टचा किंवा चाकांचा. चाकांचं बॅलन्सिंग स्वस्तात होतं, ते उरकून टाका.

मग गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घ्या, पण चाकं जमिनीवरच राहू द्या. वजन उचललं की कोन बदलतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क (क्रॉस, म्हणजे अधिक चिन्हासारखा सांधा धरणारे दोन बोटांचे भाग) एका रेषेत हवेत. वेल्ड करताना थोडे जरी फिरले असतील, तर शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा झटका बसतो. क्रॉसच्या कपाभोवती विटेसारखी लाल भुकटी दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्यात, क्रॉस बदला. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन (शाफ्ट जिथे जोडला जातो तो दांडा) एकमेकांना समांतर आहेत का, तेही मोजा. फोनमधलं कोनमापक पुरतं. एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक निघाला तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांशी पाचर घालून सुधारता येतो. शाफ्ट मात्र बॅलन्सिंग मशीनवर बॅलन्स करूनच परत बसवा.