अमेरिकन फुटबॉलमध्ये नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचा प्रशिक्षक) आला की बचाव किती दिवसांत रुळतो?

चार-पाच सामने तरी द्यायलाच हवेत, असं माझं मत. मोसमाच्या सुरुवातीचे, सप्टेंबरातले आकडे बघून कोऑर्डिनेटरला हाकला म्हणणं मला अजिबात पटत नाही.

एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला फिलाडेल्फिया ईगल्स संघ बघा. 2023 च्या मोसमाअखेर त्यांचा बचाव पार ढेपाळला होता. 2024 ला विक फॅन्जिओ कोऑर्डिनेटर म्हणून आले. पहिल्या चार सामन्यांत 2 विजय, 2 पराभव. टॅम्पा बेने तर 33 गुण ठोकले. मग सुट्टीचा आठवडा आला आणि त्यानंतर सलग 10 विजय! मोसमात प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत कमी यार्ड पुढे सरकू देणारा बचाव त्यांचाच ठरला, सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीला 40-22 हरवलं.

वेळ लागतो तो डोक्यातल्या गोष्टींना. धावणं, पाडणं खेळाडूंना येतंच. फॅन्जिओंच्या पद्धतीत बहुतेक वेळा दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल उभे असतात आणि स्नॅपनंतर, म्हणजे चेंडू खेळात आल्यावर, रचना बदलते. एकजण क्षणभर अडखळला की मागे भगदाड! शिवाय कोण कुठे शोभतो हेही खेळता खेळताच कळतं. नवखा कूपर डीजीन सुट्टीनंतरच स्लॉटमध्ये (आतल्या बाजूच्या रिसीव्हरला रोखण्याच्या जागी) नियमित उतरला, मग बचाव घट्ट झाला.