लंडनला स्टायलिस्ट म्हणून यायचंय? आधी शूटचा एक दिवस बघ

तू लिहिलंस की दोन-तीन लहान ब्रँडच्या लुकबुकचं (नव्या कपड्यांच्या फोटो-पुस्तिकेचं) स्टायलिंग करून झालंय, वय सव्वीस आहे आणि आता लंडनला येऊन हेच काम करायचंय, म्हणजे फोटोशूटसाठी कपडे जमवून मॉडेलवर नीट बसवायचं. शूटचा दिवस खरा कसा असतो आणि व्हिसाचं काय, असे दोन प्रश्न विचारलेस. मी इथे असिस्टंट म्हणून लागले. आता स्वतःच्या नावावर कामं येतात, पण मोठी मासिकं अजून आपणहून फोन करत नाहीत. या पायरीवरून जेवढं दिसतं तेवढं सांगते.

शूटची सुरुवात आठवडाभर आधी मेलबॉक्समध्ये होते. ब्रँडचे कपडे शूटसाठी उसने देणाऱ्या पीआर एजन्सींना आणि शोरूमना लिहायचं: कुठल्या मासिकासाठी, फोटोग्राफर कोण, फॅशन शोमधला कितवा लुक (पूर्ण पेहराव) हवा, कधी नेणार, कधी परत करणार. मासिकाचं काम असेल तर त्यांच्याकडून पुल लेटर घ्यावं लागतं, म्हणजे कपड्यांची जबाबदारी आम्ही घेतो असं पत्र. ते नसेल तर नवख्या माणसाला मोठ्या ब्रँडचा बेल्टसुद्धा कोणी देत नाही. आणि मिळतात ती सॅम्पल्स, म्हणजे दाखवण्यापुरते बनवलेले नमुने. एकेका लुकचे जगात एक-दोनच नग असतात आणि ते मासिकांमागून मासिकं फिरत असतात. ‘सोमवारी सकाळी दहापर्यंत परत’ असं लिहिलं असेल तर दहा म्हणजे दहाच, कारण अकराला त्याच ड्रेससाठी दुसरा कुरियर दारात उभा असतो.

शूटच्या दिवशी बाकीच्यांचा कॉल टाइम (पोचायची वेळ) काहीही असो, स्टायलिंगवाले आधी पोचतात. बरेच स्टुडिओ पूर्वेकडे हॅकनी, डाल्स्टनच्या बाजूला आहेत. तीन-चार भरलेल्या सूटकेस आणि गारमेंट बॅगा घेऊन ट्यूबचे (भुयारी रेल्वेचे) जिने चढणं म्हणजे वेडेपणा, म्हणून टॅक्सी. ती बऱ्याचदा आपल्याच कार्डावर आणि पैसे नंतर मिळतात. हे लक्षात ठेव, पुढे पैशांकडे येतेच.

पोचल्या पोचल्या कपडे टांगायची रेल उभी करायची, प्रत्येक वस्तूचा टॅगसकट फोटो काढायचा, आधीच कुठे डाग किंवा उसवलेली शिवण दिसली तर तिचा वेगळा फोटो. मग स्टीमर. रेशीम आतल्या बाजूने, मखमलीला इस्त्री लावायची नाहीच, साटीनवर पाण्याचा थेंब पडला की डाग उमटतो. स्टीमर नीट तापायच्या आधी वापरला की तो थुंकतो, त्यामुळे पहिली वाफ नेहमी एखाद्या जुन्या फडक्यावर. तुझ्या पहिल्या वर्षाचा मोठा भाग या स्टीमरपाशीच जाणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.

बुटांचं काम मला मनापासून आवडतं. उसन्या बुटांचे तळवे कोरे परत जायला हवेत. म्हणून तळव्यावर टेप चिकटवायची, कडेने ब्लेडने नेमकी कापायची, म्हणजे कॅमेऱ्याला दिसत नाही. बाहेर रस्त्यावर शूट असेल तर दर दोन-तीन शॉटनंतर टेप बदलायची. बूट मॉडेलच्या मापाचे असतीलच असं नाही. मोठे असतील तर आत सोल आणि टाचेला पॅड, लहान असतील तर मॉडेलला फक्त शॉटपुरते घालायला द्यायचे.

कपडे घालताना मॉडेलच्या चेहऱ्यावर पातळ स्कार्फ टाकायचा, नाहीतर फाउंडेशन गळ्याला लागलंच म्हणून समज. फिटिंग समोरून बघणाऱ्याला चोख दिसतं, पाठीमागे सगळा क्लिपांचा बाजार असतो. टॅग कापायचा नसतो, तो आत दुमडून छोट्या सेफ्टी पिनने अडकवायचा. पिन शिवणीतून घालायची, कापडातून नाही.

शूट सुरू झालं की स्टायलिस्टची जागा मॉनिटरपाशी. कॅमेरा केबलने जोडलेला असतो, फोटो लगेच स्क्रीनवर दिसतात. वर आलेली कॉलर, डोकावणारा पट्टा, एका बाजूला ओढलेली शिवण हे तिथेच पकडायचं. पण धावत आत शिरायचं नाही. फोटोग्राफर थांबला की विचारायचं, ‘कॅन आय जंप इन?’, दोन सेकंदात काम करून बाहेर. असिस्टंट असशील तर क्लायंटसमोर लुकवर मत द्यायचं नाही. काही खटकलं तर स्टायलिस्टच्या कानात सांगायचं. हा शिष्टाचार तुला कोणी शिकवणार नाही, पण मोडलास तर पुढच्या कामाला बोलावणार नाहीत.

अजून एक. लंडन फॅशन वीक फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये असतो. सप्टेंबरात येतात ते पुढच्या उन्हाळ्याचे कपडे, आणि त्यांचं शूट होतं ऐन थंडीत. गच्चीवर मॉडेल पातळ स्लिप ड्रेसमध्ये आणि तू बाजूला जाड कोट आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन, शॉट संपायची वाट बघत. कॉल शीटमध्ये, म्हणजे शूटच्या वेळापत्रकात, ‘ग्लॅमर’ हा रकाना नसतो.

संध्याकाळी बाकीचे निघतात तेव्हा आमची दुसरी पाळी सुरू होते. फोटोंशी ताडून एकेक नग बॅगेत, कानातल्याची जोडी पूर्ण आहे ना, कुठे मेकअप लागलाय का. मग रिटर्न्स, म्हणजे कपडे ज्याचे त्याला परत, आणि मासिकासाठी क्रेडिट्सची यादी: कुठली वस्तू कुठल्या ब्रँडची. एडिटोरियलला (मासिकातल्या फॅशन फोटोंच्या कामाला) नाव मिळतं, पैसे कमी किंवा शून्य. घरभाडं निघतं ते ई-कॉमर्समधून, म्हणजे ऑनलाइन दुकानांसाठीच्या फोटोंमधून: पांढरी भिंत, दिवसभर एकामागून एक कपडे, सर्जनशीलता जेमतेम. पोरं त्याला नाकं मुरडतात. माझ्या मते हात बसायला त्याच्यासारखी शाळा नाही.

आता व्हिसा, कारण तुझा सगळा बेत इथेच अडतो. इथे स्टायलिस्ट आणि असिस्टंट जवळजवळ सगळे फ्रीलान्स असतात. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे. पदवी किंवा त्यावरच्या कोर्सला सत्रात आठवड्याला 20 तास नोकरी चालते, पण इन्व्हॉइस (स्वतःचं बिल) पाठवून केलेलं काम चालत नाही. म्हणजे ‘मास्टर्स करता करता शूट्स करीन’ हे डोक्यातून काढ. कोर्स पूर्ण झाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, त्यावर फ्रीलान्स चालतं. मुदत 2 वर्षं, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना 18 महिनेच. स्किल्ड वर्कर व्हिसाला स्पॉन्सर करणारी कंपनी लागते आणि 2025 च्या जुलैपासून पगाराची सर्वसाधारण अट 41,700 पौंडांची आहे. दिवसावर काम करणाऱ्या असिस्टंटला कोण स्पॉन्सर करणार?

तुझ्यासाठी मला इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम बरी वाटते. 18 ते 30 वय, किमान पदवी, खात्यात 2,530 पौंड, मुदत 2 वर्षं. निवड लॉटरीने होते आणि लॉटरीत नाव घालायला पैसे पडत नाहीत. त्यावर स्वयंरोजगार चालतो, पण अटी आहेत: जागा भाड्याचीच हवी, सामान 5,000 पौंडांच्या आत, आणि नोकर ठेवायचे नाहीत. सूटकेस, स्टीमर आणि शिवणकामाची पेटी यात आरामात बसतात. मात्र ही मुदत वाढत नाही, तेव्हा दोन वर्षांनंतरचा विचार आधीच करून ठेव. अर्ज भरायच्या दिवशी सरकारी वेबसाइट पुन्हा वाच, नियम फार बदलतात.

पैशांचं मघाशी अर्धवट राहिलं. इन्व्हॉइसवर 30 दिवस लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात बरेचदा दुप्पट लागतात. कायद्याने उशिरावर बँक ऑफ इंग्लंडच्या दरापेक्षा 8 टक्के जास्त व्याज मागता येतं. नवख्याने ते मागावं का हा वेगळा प्रश्न, मी एक सभ्य आठवण पाठवते आणि बहुतेकदा तेवढं पुरतं. टॅक्सीचे, टेपचे, कुरियरचे पैसे मध्ये अडकतात, म्हणून व्हिसाच्या 2,530 वर आणखी तीनेक महिन्यांचा खर्च बाजूला हवाच. करवर्ष 6 एप्रिलला सुरू होतं, कराचं विवरणपत्र ऑनलाइन भरायची शेवटची तारीख 31 जानेवारी. टॅक्सीची पावती टाकून देऊ नकोस.

लॉटरीत नाव लागेपर्यंत इथल्या स्टायलिस्टना मेल करायला लाग. मासिकातल्या क्रेडिटमध्ये फर्स्ट असिस्टंटचं (स्टायलिस्टच्या मुख्य मदतनिसाचं) नाव असतं, त्यांनाही लिही. ऐन वेळी माणूस कमी पडला की फोन तेच करतात. मेल चार ओळींचा ठेव: कधीपासून लंडनमध्ये, काम करायची परवानगी कुठल्या व्हिसावर, गाडी चालवता येते का, शिवण येते का. पोर्टफोलिओची लिंक शेवटी. ‘मला फॅशनची लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य काढून टाक, आणि त्या जागी लिही की रिटर्न्स तू स्वतः सांभाळलेस.