मुलगी दीड वर्षाची आहे, बेरामध्ये (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, ती तपासणी) दोन्ही कान ९० डेसिबलच्या पुढे आले, म्हणजे जवळजवळ ऐकूच येत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटनंतर (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र) किती दिवसांत बोलेल?

दिवस विसरा. महिने मोजायचे, तेही ऑपरेशनपासून नाही, मशीन सुरू झाल्यापासून.

माझ्या मुलाचं ऑपरेशन ३ वर्षांचा असताना झालं. खरं तर वर्षभर आधी व्हायला हवं होतं. तो ८ महिन्यांचा असतानाच मला शंका आली होती. पण सासऱ्यांनी त्याच्या पाठीमागे स्टीलचं ताट आपटलं, तो वळला, आणि घरात निकाल लागला: ऐकू येतं. ताट फरशीवर आपटलेलं, पोरगंही फरशीवरच बसलेलं. हादरा बुडाला लागतो हो, त्याला कान कशाला हवेत? वर "याचा बापही साडेतीन वर्षांनी बोलला" होतंच. मी गप्प बसले, ती माझी चूक.

मग बेरा, तीन महिने श्रवणयंत्र लावून पाहणं (ढिम्म फरक नाही), लसी, ऑपरेशन. ते सगळ्यात सोपं. महिन्याभराने स्विच-ऑन, म्हणजे मशीन पहिल्यांदा सुरू करणं. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून मी चांगली साडी नेसून गेले होते, बाळ हसेल म्हणून. बाळ किंचाळलं आणि डोक्यावरची कॉइल (मशीनची चुंबकाने चिकटणारी चकती) उपटून फेकली. पुढे चार महिने तेच, तो उपटणार, मी चिकटवणार. मॅपिंगच्या, म्हणजे मशीनचा आवाज त्याच्यापुरता जुळवून घ्यायच्या फेऱ्या, रोजची थेरपी, भाजी निवडताना माझी एकटीची "भेंडी, भेंडी". पाचव्या महिन्यात फाटकाची कडी वाजली आणि तो वळला. अकराव्यात पहिला शब्द आला, "नको". कॉइल लावतानाच!

तेव्हा करा, आणि लवकर करा. घरातल्यांची मतं घेत बसू नका. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर केंद्राच्या एडिप योजनेतून (अपंगांना साधनं देणारी योजना) ७ लाखांपर्यंत मदत मिळते, पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांना ५ वर्षांच्या आतच. मुंबईत वांद्र्याला वाचा-श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा. वायरी, बॅटऱ्यांचा खर्च पुढे चालूच राहतो, तो धरून चला.

हां, कानाची नसच नसेल तर इम्प्लांटचा उपयोग नाही, ते एमआरआयमध्ये कळतं. आणि सगळं करूनही काही मुलांची प्रगती हळूहळूच होते, आईवर खापर फोडू देऊ नका. आम्हाला खुणा करायच्या नाहीत असं बजावलं होतं. मी ते ऐकलं नाही. रात्री मशीन काढलं की त्याला काहीच ऐकू येत नाही. मग पाणी हवं असलं की तो आजोबांना खूण करतो, आणि सासरे उठून देतात. ताटाचं मात्र अजून कबूल करत नाहीत.