आकृतीवर किती विसंबायचं? भूमितीचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न (देवगड): मुलगी दहावीत आहे. प्रमेयं पाठ आहेत, पण ऑलिंपियाडच्या उदाहरणात सुरुवातच सुचत नाही. सध्या अडलेलं उदाहरण असं: लघुकोन त्रिकोण अबक मध्ये शिरोलंब (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूवर टाकलेले लंब) अड आणि बइ एकमेकांना ह मध्ये छेदतात. अड वाढवला की परिवर्तुळाला (तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाला) प मध्ये मिळतो. हड = डप सिद्ध करा.

उत्तर: याला दहावीबाहेरचं एकही प्रमेय लागत नाही. फक्त काय सिद्ध करायचंय तिथून मागे यायला शिकवा. हड आणि डप समान दाखवायचे, म्हणजे हे दोन रेषाखंड ज्यांच्या बाजू आहेत असे दोन त्रिकोण हवेत. ब आणि प जोडले की ते मिळतात: हबड आणि पबड. बड सामाईक, ड पाशी दोन्हीकडे काटकोन. आता ब पाशी कोन समान का, एवढंच उरलं. कोन पबक आणि कोन पअक एकच कंस पक आंतरखंडित करतात, म्हणून समान. काटकोन त्रिकोण अडक मधून कोन डअक = ९०° − कोन क, आणि बइक मधून कोन इबक सुद्धा ९०° − कोन क. कोबाको (कोन-बाजू-कोन) कसोटीनं त्रिकोण एकरूप, काम झालं.

मुलं चुकतात ती आकृतीमुळे. हातानं काढलेला त्रिकोण नकळत समद्विभुज होतो. मग ड हा बक चा मध्यबिंदू भासतो, अड परिकेंद्रातून गेलेला दिसतो आणि हे ‘दिसतंय’ म्हणून सिद्धतेत शिरतं. यावर उपाय म्हणजे मोजून काढलेला विषमभुज त्रिकोण. ए-फोर कागदावर बक = १४ सेमी घ्या, ब पासून ५ सेमीवर ड, तिथे १२ सेमीचा लंब अड. अब आपोआप १३ आणि अक १५ सेमी येते. परिकेंद्र बक च्या मध्यबिंदूपासून अ च्या बाजूला ४.१२५ सेमीवर, त्रिज्या ८.१२५ सेमी. हड आणि डप दोन्ही ३.७५ सेमी भरायला हवेत. नाही भरले तर लंब तिरका गेलाय.

यानंतर कोन ब विशालकोन करून तेच उदाहरण पुन्हा सोडवायला द्या. हे टाळू नका, खरी समज इथेच कळते. ड आता बक च्या बाहेर जातो. विधान खरंच राहतं, पण एकाच कंसाचा आधार सुटतो. तिथे चक्रीय चौकोन (चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असलेला) अपबक घेऊन संमुख कोनांची बेरीज १८०° वापरावी लागते.

प्रश्न (रत्नागिरी): रत्नदुर्गावरून क्षितिज किती लांब दिसतं, हे स्पर्शिका-छेदिकेच्या प्रमेयानं काढता येईल का?

उत्तर: येईल. डोळा समुद्रसपाटीपासून ८० मीटरवर आणि पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरू. नजर ही पृथ्वीची स्पर्शिका, आणि डोळ्यातून पृथ्वीच्या केंद्रातून जाणारी छेदिका. स्पर्शिकेचा वर्ग = बाहेरचा भाग × पूर्ण छेदिका = ०.०८ × (२ × ६३७१ + ०.०८), म्हणजे सुमारे १०१९. वर्गमूळ जवळपास ३२ किमी. मीटरचे किलोमीटर न करता ८० तसेच घातले तर उत्तर हजार किलोमीटरच्या वर जातं. नेहमीची चूक हीच. ट्रॉलरचा दिवा पाण्यापासून ५ मीटरवर असेल तर त्याचं स्वतःचं क्षितिज ८ किमी. दोन्ही स्पर्शिका मिळून तो दिवा सुमारे ४० किमीवरून दिसू शकतो. हवेत प्रकाश किंचित वाकतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं आणखी लांबचं दिसतं.

प्रश्न (अलिबाग): सगळं निर्देशक भूमितीनंच, म्हणजे बिंदूंना (x, y) निर्देशक देऊन, सोडवलं तर चालेल?

उत्तर: सिद्धता पूर्ण असेल तर चालतं. आरंभबिंदू मात्र विचारपूर्वक निवडा. वरच्या उदाहरणात ड आरंभबिंदू घ्या. अ (०, म), ब (−न, ०), क (स, ०). मग ह (०, नस/म) आणि प (०, −नस/म) दोन ओळींत येतात, विशालकोनाची वेगळी आकृतीही लागत नाही, कारण चिन्ह आपोआप सांभाळलं जातं. कोनदुभाजक किंवा अंतर्वर्तुळ आलं की वर्गमुळांचा गुंता होतो. तिथे कोनांनीच जावं.